इंजिनचा पिवळा दिवा

१६ फेब्रुवारी १९९९

परत पेटला! मुंब्र्याच्या चढावर, साहेब मागे बसलेले असताना. इंजिनचा तो पिवळा दिवा. गाडीने दोन धक्के दिले आणि बंद पडली. साहेबांना डोंबिवलीहून उचलायचं आणि नऊच्या आत घोडबंदर रोडच्या साइटवर सोडायचं — एवढंच माझं काम. आज साडेदहा वाजले. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, "आनंदा, गेल्या महिन्यातही हेच झालेलं."

१७ फेब्रुवारी

खोपटला हरिहरकडे गेलेलो. एसटी डेपोच्या मागे त्याचं गॅरेज. प्लग पुसले, फिल्टर बदलला. मग बॅटरीची तार दहा मिनिटं सोडून ठेवली, परत लावली. दिवा गेला. विचारलं, "पण झालेलं काय?" तर म्हणे, "गेला ना? मग कशाला उकरतोस?" हा डॉक्टर असता तर अख्खा गाव संपवला असता. निघताना मात्र एक शहाणपणाचं बोलला — पेटेल तेव्हा तारीख लिहून ठेव. म्हटलं, ते मी कालपासून लिहितोच.

१७ मार्च

पेटला.

१९ मार्च

कॉइल नवी, सेन्सर नवा. हरिहरची बोटं सोलली, माझं डोकं उठलं. आणि साहेब आज म्हणाले, "अजून एकदा असं झालं तर मला दुसरी गाडी बघावी लागेल रे." त्यांचं चुकत नाही. पण हे काम गेलं तर मी करू काय? खाडीत जाळं टाकावं तर नुसत्या पिशव्या वर येतात. शालूला यातलं काही सांगितलं नाही. ताटात अर्धी भाकरी उरलेली बघून बायकोला कळायचं ते कळलंच.

२ एप्रिल

दिवा नाही. तरी नजर रस्त्यावर कमी आणि त्याच्यावर जास्त. थकलो.

१५ एप्रिल

शालू कॅलेंडर बघून म्हणाली, "उद्या अवस आहे, गाडी जपून चालवा." हसलो. मग उगाच ही वही काढली. सोळा फेब्रुवारी, सतरा मार्च. कॅलेंडरवर दोन्ही दिवशी काळा गोळा! हरिहरला जे कळत नाही ते दिव्याला कळतं म्हणजे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण झोप लागेल असं वाटत नाही.

१६ एप्रिल

पहाटे अंगणात खडखड झाली म्हणून उठलो. बॉनेट उघडं आणि समोर आई, हातात तांब्या. खाडीचं पाणी इंजिनवर ओतून झालेलं!

आमच्या घरची जुनी रीत. अवसेला उधाण मोठं, म्हणून त्या दिवशी होडी सोडायच्या आधी घरच्या बाईने होडीच्या नाकावर खाडीचं पाणी घालायचं. लहानपणी बघितलेलं. होडी गेली तेव्हा रीतही गेली असं मी धरून चाललेलो. आणि ही बाई बॉनेटचा खटका ओढायला कधी शिकली कोण जाणे! म्हटलं, घालायचंच तर वरून घालायचं. तर म्हणाली, "वरून घालून काय उपेग? जीव आत हाय तिचा."

साहेबांना फोन करून सुट्टी मागितली आणि गाडी धक्के खात कशीबशी खोपटला नेली. सेन्सरच्या वायरचा कप्लर, म्हणजे जोड, उघडला तर आत हिरवा थर. बोट लावून चाटलं — खारट. हरिहर पोट धरून हसला. कप्लर नवा घातला, वर टेप मारली. रोग सापडला.

घरी येऊन आईला नको ते बोललो. म्हटलं, माझ्या पोटावर पाय देत होतीस तू. ती रिकामा तांब्या घेऊन आत गेली. बोलायला नको होतं.

३० एप्रिल

दिवा नाही. साहेब म्हणाले, पुढचं वर्षभर तूच. आनंद व्हायला पाहिजे. पण मी घरी येईपर्यंत आई बांधावर बसून असते, जेवत नाही. म्हटलं, मी काय बारका पोर आहे? उठून आत गेली. सबंध दिवस गाडी हाकून यायचं आणि वर हा अबोला.

१४ मे

आईचा आज उपास नाही, तरी काही खाल्लं नाही. शालूला फक्त म्हणाली, "उद्या त्याला जाऊ नको दे." नाही कसं जाऊ? आईच्या हट्टासाठी साहेबांना काय सांगू?

१५ मे

अमावास्या. सकाळी चावी घेऊन बाहेर आलो तर आई गाडीसमोर उभी. म्हटलं, सरक, उशीर होतोय. सरकली नाही. गाडीकडेच बघत म्हणाली, "ज्या अवसेला तुजा बापूस गेला, त्या दिशी मी पानी घातलं नाय. तुला ताप व्हता. इसरले मी."

बाबा बुडाले त्याला चोवीस वर्षं झाली. वाऱ्याने होडी उलटली, असंच आम्ही सगळे सांगत आलो. तीसुद्धा तसंच सांगायची.

खाडीवर जाऊन तांब्या भरून आणला, तिच्या हातात दिला आणि बॉनेट मीच उघडलं.