चव बघायला मनाई

१२ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे मजेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने कमी चढ. आणि तू तिच्या वाटचे चढत जा.

'आपल्या खाण्याच्या दुकानासाठी दोन्ही कंपन्यांचा खर्च किती, मदत किती, तेवढंच कळव. निबंध नको, मास्तरीणबाई,' असं तू बजावलं होतंस. प्रयत्न करते.

आधी महागडी. फ्रँचायझीची सुरुवातीची रक्कम दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. वर दर महिन्याला वाटा, तोही नफ्यातून नाही, विक्रीतून. म्हणजे आपण उपाशी असलो तरी त्यांचं ताट आधी वाढायचं. पण मदत भरपूर. जागा तेच बघतात, माणसं तेच तयार करतात, पहिला महिनाभर त्यांच्या प्रशिक्षक बाई आपल्या शेजारी उभ्या. सूप, सॉस सगळं बंद पिशव्यांतून येतं.

स्वस्त कंपनीचं दुकान चालवणाऱ्या एकाला मी विचारलं, "मदत कशी मिळते हो?" तो टेबल पुसत म्हणाला, "ताई, फोन नंबर दिलाय. उचलतातही लगेच. मग तेच आपल्याला विचारतात, बोला, आता काय करायचं?"

आम्ही दोघंही हसलो. पण त्याचं दुकान भरलेलं होतं. फलकावर दोन पदार्थ त्याच्या बायकोचे होते. तेवढी मुभा करारातच आहे. गिऱ्हाईक नेमकं तेच मागत होतं.

खरं सांगायचं तर मला महागडी आवडली. तिच्या स्वयंपाकघरात दोन दिवस काम करून पाहिलं. सगळं जागच्या जागी, कुणी कुणावर खेकसत नाही, टायमर वाजला की टोपली तेलातून वर. माझ्यासारख्या घोकंपट्टीवालीला स्वर्गच. घरी आल्यावर हे म्हणाले, "इतकी खूश तू आपल्या लग्नातही नव्हतीस."

फक्त दुसऱ्या दिवशी एक चूक झाली. सॉस गरम झाल्यावर मी त्याचा थेंब हाताच्या मागच्या बाजूवर घेतला आणि चाटला. तुझीच सवय. प्रशिक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "हात धुऊन या. इथे चव बघायची नसते. ती आधीच बघून झालेली असते."

हात धुताना तू डोळ्यांपुढे आलास. तू तिथे दुपारपर्यंतही टिकणार नाहीस. निबंध इथवर लांबला तो हे लिहायचं टाळत होते म्हणून. महागडी घेतली तर तुझे पैसे चालतील, पण स्वयंपाकघरात तुला जागा नाही.

आणि स्वस्त घेतली तर मदत म्हणजे तू. तुझ्या हाताला चव आहे, त्यात वादच नाही. पण दादा, मागच्या दोन्ही नोकऱ्या तू कुणीतरी 'मीठ जरा जास्त' म्हणालं म्हणून एप्रन खुंटीला लावून सोडल्यास. उद्या आपल्याकडे तसं झालं, तर माझ्या हाती तो फोन नंबर उरेल. मी घाबरट आहे, की तुझ्यावर अन्याय करतेय? स्वतःला सारखं विचारतेय. एवढंच कळतं, की त्या दोन दिवसांत मी खूश होते, पण तिथलं काही खावंसं मात्र एकदाही वाटलं नाही.

म्हणून स्वस्त कंपनीला होकार द्यायचं मनात आहे. फलकावरचे दोन पदार्थ तुझे. अट एकच: मीठ जास्त झालं तर मी सांगणार, आणि तू एप्रन काढायचा नाहीस. जमणार असेल तर पाहुणा म्हणून नको, सामानसुमान घेऊनच ये. नसेल जमत, तर तसं स्पष्ट कळव. मी महागडीकडे जाईन आणि तुझ्यावर रुसणार नाही.

पत्र वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव. मिठाचा भाग गाळू नकोस. तिला तो माझ्याआधीपासून माहीत आहे.

मिठाबद्दल तोंडावर बोलणारी, आणि तरीही तुझीच वाट बघणारी,
तुझी मास्तरीणबाई