जीपची पायरी

१३ जुलै, रवि.
जीप सुरू झाली! बॅटरी नवी, डिझेल नवं, बाकी सगळं पप्पांच्या वेळचं. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली दोन वर्षं पडून होती. सीटखाली कोंबडी अंडी घालायची, तिला हुसकावलं तर मलाच चोच मारली. पहिल्या धुरात शेजारच्यांची वाळत घातलेली चादर काळी. बायकोनं, ज्योतीनं माफी मागितली, मी इंजिन ऐकत उभा.
आवाज ऐकून पप्पा काठी टेकत बाहेर आले. "दुसरा गिअर उडतो. हात ठेवून चालव."
त्यांना म्हटलं, भात पिकलं की शेतावर नेतो. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते तिकडे गेलेले नाहीत. मिठागरांमधला मातीचा रस्ता, भरतीला पाण्याखाली, ओहोटीला नुसता चिखलाचा राप. रिक्षा शेवटच्या बांधाशी थांबते, पुढे फोर-व्हीलच लागते. आणि यंदाचं पीक शेवटचं. चुलतभाऊ सायमननं बिल्डरशी जमिनीचा व्यवहार केला, पप्पांनीही सही दिली. पावसाळ्यानंतर भराव पडणार.
पप्पा म्हणाले, "उभं भात दाखव. कापल्यावर काय बगायचं?"

२० जुलै, रवि.
गाडी नालासोपाऱ्याला, शकीलभाईच्या गॅरेजात. ब्रेकचे पाइप, क्लच प्लेट, पुढच्या चाकांची जोडणी. शकीलभाई बॉनेटवर थोपटून, "साब, गाडी मेली नाय, झोपली होती." प्रत्येक गोष्टीत "सेकंडहँड चलेगा?" मी प्रत्येक वेळी "चलेगा". हौसेला मोल नसतं म्हणतात, माझ्या हौसेला आहे.
ज्योती : "फ्रिजचं दार दोरीनं बांधलंय मी. तुझी जीप मात्र झोपेतून उठलीच पाहिजे."
ती गमतीतच म्हणाली. बहुतेक.

३ ऑगस्ट, रवि.
आज पहिल्यांदा ग्रुपबरोबर. ऑफिसातल्या रोशनचा ग्रुप, सगळे जुन्या फोर-व्हीलवाले. वज्रेश्वरीच्या बाजूला कुणाचा तरी खाजगी माळ, ओढा, मोठमोठे दगड. पुढची चाकं जोडली, लो गिअर टाकला आणि गाडी घोरपडीसारखी दरडीला चिकटून वर! पंचेचाळीस वर्षांत कधी असा ओरडलो नव्हतो. खरंच सांगतो, आनंद झाला.
परत येताना अडकलो. डावीकडची लोखंडी पायरी दगडात घुसून वाकली. सगळे हसले. रोशन : "अरे, एसटी आणलीस का? कंडक्टर कुठाय?"
मीही हसलो. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१५ ऑगस्ट, शुक्र.
सुट्टी. सबंध दिवस गॅरेजात. गाडी उंच करायची, पण बजेटमध्ये : टेम्पोच्या स्प्रिंगचे दोन पाटे जादा घातले, पाटे टांगायचे शॅकल लांब केले, विरारहून जुने पण खोल नक्षीचे टायर. गाडी हातभर वर गेली. शकीलभाई मागे सरकून बघत, "अब लगती है गाडी."
पायरी गॅसनं कापून टाकली.
ही पायरी आईसाठी होती. आई बुटकी. केळी, भाजी घेऊन बाजाराला निघायची तेव्हा तिला जीपमध्ये चढता यायचं नाही. पप्पा हात द्यायला जायचे तर म्हणायची, लोकं बघतात. म्हणून पप्पांनी पायरी वेल्ड करून घेतली. ती गेल्यावरही ठेवली.
कापताना हे आठवलं. नाही असं नाही. पण पापडीचा भंगारवाला गॅरेजच्या दारातच उभा होता. देऊन टाकली. गाडी हलकी झाली, मीही शिटी वाजवत घरी आलो.

१७ ऑगस्ट, रवि.
चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर पप्पांनी जीप पाहिली. काठी टेकत एक फेरी मारली. टायरला हात लावला. मी वाट बघत होतो शाबासकीची. (या वयातही!)
"पायरी?"
"काढली पप्पा. दगडाला लागते."
"मी दगडावरून न्यायचोच नाय," म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.
ज्योती खिडकीतून : "नाकापेक्षा मोती जड."

१४ सप्टें., रवि.
पुन्हा माळावर. आता हवा घ्यायचा पाइप छतापर्यंत नेलाय, कमरेएवढ्या पाण्यातूनही इंजिन बंद पडत नाही. रोशननं व्हिडिओ काढला. ऑफिसात सगळ्यांनी पाहिला, साहेबांनी दोनदा.
पप्पांना दाखवला. चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला. विचारलं, "मागं कोन बसलंय?"
"कुणी नाही."
"मग येवढी गाडी कशाला?"
शेतावर कधी जायचं विचारलं तर म्हणाले, "लोंबी वाकू दे."

५ ऑक्टो., रवि.
सायमनचा फोन. लोंब्या वाकल्या, शेत पिवळं पडायला लागलंय. "काकांना पुढच्या रविवारी आण. सकाळी ओहोटी हाय, रस्ता उघडा असंल." पप्पा ऐकत होते. जेवताना भात मागून घेतला.

१२ ऑक्टो., रवि.
काय लिहू.
शुक्रवारी रोशनचा मेसेज : रविवारी मोठी राइड, ठाण्याहूनही गाड्या येणार. मी पप्पांना म्हटलं, "पुढच्या रविवारी जाऊ या का, भात काय पळून जात नाही." ते टीव्ही बघत होते. मान हलवली असं मला वाटलं. मला तसंच वाटायला हवं होतं.
राइड झकास झाली. शेवटच्या चढावर फक्त माझी जीप चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
दुपारी घरी. पप्पा ओट्यावर खुर्चीत. पांढरा शर्ट, दाढी केलेली, डोक्यावर शेतावरची जुनी टोपी. सकाळपासून. ज्योती म्हणाली, जेवायलाही आत आले नाहीत, म्हणत होते इतक्यात येईल तो.
मला बघून उठले. "पानी चढलं असंल आता," एवढंच. टोपी खुंटीला लावली.
टाळ्यांची लाज वाटली. अजून वाटते.

१९ ऑक्टो., रवि.
आज न्यायचंच म्हणून लवकर उठलो. ज्योतीनं थर्मासमध्ये चहा भरला, पाव-अंडं बांधून घेतलं. पप्पा पुन्हा पांढऱ्या शर्टात.
आणि गाडीत चढता येईना.
पाय उचलतच नाही तेवढा. पत्र्याच्या कडेपर्यंतही नाही. स्टूल ठेवलं, ते हललं. प्लास्टिकची खुर्ची ठेवली, ज्योतीनं धरली, त्यावर उभे राहिले आणि खुर्चीचा पाय फरशीवरून सरकला. पप्पा दाराच्या दांड्याला लोंबकळले. मी कमरेला धरलं. शेवटी सरळ उचललं, लहान मुलाला उचलतात तसं. काठीएवढे हलके झालेत, आणि लाकडासारखे ताठ. शेजारचे बघत उभे. कुणी वाईट हेतूनं नाही, मदतीलाच आलेले.
"उतरव." माझ्या कानाशी, हळू. "विल्सन, उतरव मला."
उतरवलं. शर्ट नीट केला आणि आत गेले. लोकं बघतात, म्हणायची आई. त्यांच्याही मनात तेच आलं असणार.
रिक्षा आणतो म्हटलं. आतून म्हणाले, "रिक्षा बांधापत्तूर जाते. पुढं काय उडत जाऊ?"
ज्योती थर्मास रिकामा करत होती. "कुठं कुठं चढते तुझी गाडी. घरातला माणूस तेवढा चढत नाही तिच्यात."
चाकाला लाथ मारली, पायाला लागली.

२२ ऑक्टो., बुध.
शकीलभाईकडे. जादा पाटे काढ म्हटलं. बघतच राहिला. "साब, लोग चढवतात, तुम्ही उतरवता?" कारण सांगितलं तेव्हा मान डोलावली. पण गॅरेजातली मुलं छठपूजेला गावी गेलेली, लिफ्टवर दुसऱ्याची गाडी उघडी पडलेली. आणि माझे जुने शॅकल त्यानं कुणाला तरी लावून टाकलेत. दुसरे शोधायला हवेत. पुढच्या आठवड्यात, म्हणाला. हातापाया पडलो. तोही काय करणार.

२७ ऑक्टो., सोम.
तीन दिवस पाऊस. या दिवसांत! सायमनचा फोन : भात आडवं झालं, लोंब्या पाण्यात. पाणी ओसरून वाफसा झाला की मिळेल तेवढं कापून घेणार.
पप्पांना सांगायची हिंमत होईना. ज्योतीनं सांगितलं. ते म्हणाले, "खाऱ्या खाजनातलं भात उभं राहतं. जोर हाय त्याच्यात." मग खिडकीतून पाऊस बघत बसले.

३१ ऑक्टो., शुक्र.
कापलं. सायमननं पेंढीभर लोंब्या आणून दिल्या. पप्पांनी एक दाणा दाताखाली फोडला. "भिजलाय."
उभं भात दाखव म्हणाले होते. एवढंच मागितलं होतं माझ्याकडे.

२ नोव्हें., रवि.
मृतांचा दिवस. आईच्या कबरीवर मेणबत्त्या, झेंडूची फुलं. पप्पांना रिक्षानं नेलं. रिक्षात किती सहज बसले. खाली वाकायचं, बसायचं.
फादर पाणी शिंपडत पुढे गेले. पप्पांनी त्या लोंब्यांतल्या चार आईच्या क्रुसाला बांधल्या. दरवर्षी पहिली लोंबी शेताच्या कडेच्या क्रुसाला बांधायचे ते दोघं. शेतावर जपमाळ घेऊन तेर्स म्हणायचे, आई पुढे सांगायची आणि पप्पा मागून, नेहमी एक शब्द उशिरा.
मी मनात आईला म्हटलं, तुझी पायरी मी भंगारात दिली. तिथं उभं राहून रडू आलं. ज्योतीनं रुमाल दिला. पप्पांनी पाहिलं, पण त्यांना वाटलं असेल आईसाठीच रडतोय. तसंही होतंच.

८ नोव्हें., शनि.
पापडीच्या भंगारवाल्याकडे गेलो. लोखंडी पायरी, वाकलेली, ऑगस्टात दिलेली. तो पोट धरून हसला. "साहेब, ऑगस्टचं लोखंड? त्याच्या सळया होऊन कुणाच्या बिल्डिंगला लागल्या पण." तरी ढीग उपसून दिला बिचाऱ्यानं. सायकली, पंखे, एक शिलाई मशीन. पायरी नाही.

१६ नोव्हें., रवि.
जीप खाली आली. पाटे काढले, शॅकल मिळाले, टायर जुन्या मापाचे. माणिकपूरच्या फॅब्रिकेटरकडून नवी पायरी करून घेतली, वर घसरू नये म्हणून नक्षीचा पत्रा.
रोशनला फोटो पाठवला. "भाई, वाटोळं केलंस गाडीचं." ग्रुपवर रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. ग्रुप सोडला. रागानं नाही, उगाच वाचत बसतो म्हणून.
गाडी दारात उभी केली. पप्पा बाहेर आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.
वरातीमागून घोडं. माझंच.

२० नोव्हें., गुरु.
सायमनचा फोन. सोमवारपासून डंपर लागणार. पहिला भराव रस्त्यावरच, म्हणजे वाट बंद. क्रूस हलवून गावात बसवणार आहेत. रविवारी सकाळी ओहोटी आहे. त्यानंतर बघण्यासारखं काही राहणार नाही.
पप्पांना सांगितलं. "तितं आता खुंट असतील," म्हणाले.
"क्रूस आहे."
ज्योतीनं मला खुणेनं गप्प बसवलं.

२२ नोव्हें., शनि.
दुपारी जीप पुसत होतो. पाठीमागे काठीचा आवाज. पप्पा. आपणहून आले.
नवी पायरी काठीनं ठोकून बघितली. दांडा धरला, उजवा पाय वर ठेवला. ठेवता आला! मी फडकं धरून उभा. आता दुसरा उचलतील, आत बसतील, मी लगेच इंजिन सुरू करीन, आजच नेईन, पाणी असो नसो.
त्यांनी पाय खाली घेतला.
"उंच हाय."
"आत्ता तर नीट ठेवलात की पप्पा. तुम्हाला कुठं उंच पडते?"
"मला नाय." पायरीकडेच बघत होते. "तिला पडली असती."
विचारलं, आईची केवढी होती? कुठे मोजली नव्हती, फोटोतही दिसत नाही. त्यांनी काठी जीपला लावून उभी धरली आणि तिच्यावर अंगठा टेकवला. जराही न चाचपडता. "हितं." मी ज्योतीकडून खडू मागून घेतला, अंगठ्याखाली रेघ मारली. तोवर हलले नाहीत.
"तेवढ्यासाठी आता नको," म्हणाले आणि आत जायला निघाले. मी "नको" म्हणजे काय ते विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, म्हणूनच.
काठी मागून घेतली, तेवढ्या वेळेपुरती. फॅब्रिकेटरकडे गेलो. उद्या रविवार, दुकान बंद, पण काठीवरची रेघ पाहून म्हणाला, सकाळी मिस्साच्या आधी ये, पायरी रेघेपर्यंत खाली घेऊन देतो. म्हणजे ओहोटीला वेळेत निघता येईल. निघालोच तर.
परत आलो तेव्हा पप्पा झोपलेले. काठी पलंगाला टेकवून ठेवली. पांढरा शर्ट मागच्या दोरीवर ओला लटकतोय. ज्योतीला विचारलं, कुणी धुतला. म्हणाली, मी नाही, मोरीत पाण्याचा आवाज येत होता मघाशी.