पहिल्या भाषणात कुणी अडवत नाही

प्रिय ऑगस्टसकाका,

"बाळ, दोन गोड शब्द बोल, बापाची आठवण काढ आणि खाली बस," लॉर्डांच्या सभागृहात शिरताना तुम्ही मला बजावलंत. "पहिल्या भाषणात कुणी मध्ये बोलत नाही. आपली प्रथाच आहे."

मी बाबांच्याच जागी आलो होतो, म्हणून त्यांची आठवण काढलीच. ते या बाकावर डुलक्या काढत होते तेव्हा आपल्या कोळशाच्या खाणीत पाणी शिरत होतं, हे सांगितलं. मार्चमध्ये बुडालेल्या माणसांची नावं घेतली. नव्या पंपाला तुम्ही नाही म्हणालात आणि त्याच आठवड्यात शर्यतीचा घोडा घेतलात, तेही सांगितलं. तुम्ही लालबुंद झालात, पण प्रथा मोडवेना.

बाहेर आल्यावर मात्र ओरडलात, "घराची लक्तरं वेशीवर टांगलीस! हाकलून देतो तुला इथून!"

कसं हाकलणार? माझी जागा जन्माने आलेली आहे, काका. अगदी तुमच्यासारखीच.

हे पत्र टाकत नाही, कारण गुरुवारी सभागृहात भेटणारच आहोत. मी पुन्हा पंपावरच बोलणार आहे. ते माझं दुसरं भाषण असेल. आता खुशाल मध्ये बोला.

इलाज नाही म्हणून तुमचाच पुतण्या,
पेरेग्रिन