सात सह्या

सोम., ६ जाने.
ऑपरेशनला मेंटल हेल्थ बोर्डाची मंजुरी आली. आता फक्त माझी सही. मेंदूत दोन बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. ओसीडीवर गोळ्या, थेरपी, सगळं करून झालं. डॉ.ना विचारलं, प्लस-मायनस किती? "फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. खात्री कोणी देत नाही." फॉर्म पुढच्या सोमवारी बारापर्यंत. नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला.

बुध., ८
सकाळी ४७ मि. दारात. गॅस. आई तीनदा "बंद आहे" म्हणाली, तेव्हा निघाले. तिनं असं सांगू नये, त्यानं आजार वाढतो, असं डॉ.नी बजावलंय. ऐकत नाही.
लॅबमध्ये प्रेशर गेज मी तपासते, सर्टिफिकेटवर सही साहेब करतात. नोव्हेंबरपासून. मी केली की ती झाली का ते बघत बसते.

गुरु., ९
सही केली. शेवटच्या अक्षराचं शेपूट आधार कार्डाशी जुळेना. कॅम्प तीनच्या बाजारात कोऱ्या फॉर्मच्या झेरॉक्स, दिवसभरात चार फेऱ्या. दुकानातले काका: "बेटी, वही काग़ज़ चौथी बार? वीज़ा लग रहा है क्या?"
हो म्हटलं.

शनि., ११
सात फॉर्म, सात सह्या. लॅबची सवय, एका रीडिंगवर थांबायचं नाही, सरासरी काढायची. सह्यांची निघत नाही. गेजमध्ये एवढा फरक असता तर रिजेक्ट केला असता.
बाबा पेन घेऊन आले. "दे इकडे, मी मारतो. कोणाला कळतंय?"
मला.

रवि., १२
डॉ.ना फोन. सातही आणू का?
"एक आण. कुठलीही चालेल."
कुठलीही चालेल हे जमत असतं, तर डोक्याला भोकं पाडून घ्यायला आले नसते. "बरं" म्हणून फोन ठेवला.

सोम., १३
सहा फाडले. सातव्याची घडी आईनं घातली, पाकिटात ठेवून चिकटवलं. चपला घातल्या. पाकीट उजेडात धरलं. आतलं दिसत नाही.
"आई, सही आहे ना आत?"
ती मेथी निवडत होती.
"सांग ना. एकदाच."
"नाही सांगणार. डॉक्टर काय म्हणालेत?"
"आजच आठवलं तुला?"
"जा तू. उशीर होईल."
मान वर केली नाही. हात मात्र थांबला होता.
९.४०. दारात उभी राहून लिहितेय. पाकीट अजून फोडलेलं नाही.