मासे पेरले त्या साली

प्रिय मामाजी,

आज सकाळी तळ्यावर माशांची पिल्लं आली. सगळं गाव काठावर जमलं होतं, आणि जो तो मागे वळून पांदणीच्या वाटेकडे बघत होता. कोणाची वाट बघत होते सांगा! दर साली धोतर खोचून सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरणारा माणूस यंदा नव्हता. तुम्ही गेल्यानंतरचं हे पहिलंच बीज. डबे काठावर तसेच राहिले आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मग काय झालं ते सांगायलाच लिहायला बसले आहे. सातवी शिकलेली सून आणली म्हणून तुम्ही गावभर मिरवायचात ना? मग घ्या वाचायला! लिहिते मात्र शाळेत शिकवलं तसं. बोलायचं ते आपलं आपल्यासारखंच.

तुम्हाला आठवतं का हो, मला न्यायला आलात तो दिवस? नवं राज्य झालं त्या साली आमचं लग्न झालं. आखाडीला मी माहेरी यवतमाळला आले होते, आणि तान्हा पोळा झाल्यावर तुम्ही न्यायला आलात. मला वाटलं होतं, छताची दमणी येईल, आत गादी असेल, बैलांच्या गळ्यात घुंगरू असतील. दारात बघते तर तुमची शेतातली बंडी, उघडी बैलगाडी! कडबा अंथरलेला, आणि मधोमध रॉकेलचे दोन डबे, ओल्या फडक्यानं तोंड बांधलेले. सरकारनं रेल्वेनं आणवलेलं माशांचं बीज आदल्या दिवशीच तुमच्या हाती पडलं होतं. एसटीचा कंडक्टर डबे चढवू देणार नाही, म्हणून तुम्ही गावाहूनच बंडी घेऊन आला होता.

माझी आई केवढी रागावली! "इवाई, पोरीले न्याले आले का मासे न्याले?"

तुम्ही हात जोडून म्हणालात, "ईनबाई, दोन्ही नाजूक हाय. एकाच बंडीत जपून नेतो."

आईला हसू आलं आणि मला रडू आलं. सासूबाई तर लग्नाच्या आधीच गेलेल्या. घरात तुम्ही आणि हे, दोघंच पुरुष. सासऱ्यासमोर बोलायचं नाही, हे मला बजावून बजावून सांगितलेलं. मग त्या घरात मी बोलणार तरी कोणाशी? भिंतीशी?

उजाडायच्या आत आपण निघालो. मी पदर नाकापर्यंत ओढून बसले. तुम्ही एक डबा माझ्या डाव्या हाताशी ठेवला, एक उजव्या.

"हे पाय पोरी, पाणी हातानं हालवत राहाचं. पाणी थांबलं का यायचा जीव गुदमरते. समजलं काय?"

मी मान हलवली. फडकं बाजूला करून आत बघितलं तर मासे कुठे होते? नखाएवढी पिल्लं, आरपार दिसणारी. अंगाला नुसते डोळेच असल्यासारखी! मी हात घातला की सगळी एकदम वळायची, हात काढला की पुन्हा एकदम वळायची. कोणाला धक्का नाही, कोणी मागे नाही. मी रडायचं विसरून गेले.

माझ्या बांगड्यांवर तुमचा कान होता. किणकिण थांबली की पुढे बसूनच तुम्ही म्हणायचा, "हात थांबला वाटते?" झाली पुन्हा सुरू किणकिण! मला त्या वेळी तुमचा असा राग यायचा म्हणून सांगू!

आणि मग दुपार झाली. रात्रभर पडलेला पाऊस उघडला होता आणि भादव्याचं ऊन अंगाला चावत होतं. बघते तर डब्यातलं पाणी कोमट झालेलं. पिल्लं सगळी वर आलेली, तोंडं बाहेर काढून आ वासत होती. जोरानं पाणी हलवलं तरी खाली जाईनात. एक उलटं झालं, पांढरं पोट वर. मग दुसरं. बांगड्या वाजवून हे कसं सांगणार? आईनं बजावलेलं सगळं त्या पाण्यात पडलं आणि मी ओरडले,

"मामाजी, बंडी थांबवा! पोट्टे वर येऊन राह्यले! मरून राह्यले ना!"

तुम्ही कासरे ओढले, वळलात, आणि डब्याकडे न बघता माझ्याकडेच बघत बसलात.

"अरे! तुले बोलता येते?"

"येते! पण आधी इकडं पाहा ना!"

पुढे ही गोष्ट तुम्ही गावात कशी रंगवून सांगायचात! म्हणे मी तुम्हाला "ओ म्हातारबा" अशी हाक मारली. म्हणे मी कासरा हिसकावला. धादांत खोटं, मामाजी! त्याबद्दल मी तुमच्यावर अजून रुसलेलीच आहे, हे नोंदवून ठेवा.

जवळच नाला वाहत होता. आपण दोघांनी डबे उचलून पळसाच्या सावलीत नेले. तुम्ही बालटी भरून आणलीत आणि घाईघाईनं सगळीच ओतायला निघालात. मी बालटी धरली. "पाणी एकदम बदलवायचं नाही," हे सकाळपासून तुम्हीच तर बैलांना ऐकवत होता! मग गडव्यानं थोडं थोडं, उंचावरून धार धरून पाणी घालायचं, थोडं जुनं काढायचं, फडकं भिजवून डब्याभोवती गुंडाळायचं, असं आपण कितीतरी वेळ करत बसलो. उलटं झालेलं पिल्लू तुम्ही बोटानं पुन्हा पुन्हा सरळ करत होता. तेव्हा मला कळलं, मामाजी, की तुम्हालाही भीती वाटते. तळ्यात बीज टाकायचं म्हणून तुम्ही साऱ्या गावाशी भांडला होता. "मासे काय पेरतात काय?" म्हणून लोक हसत होते. मेलेले डबे घेऊन परतलात तर पुन्हा गावात तुमचं ऐकलं कोणी असतं?

हळूहळू तोंडं पाण्याखाली गेली. एक झुंड तळाशी फिरायला लागली. तुम्ही धपकन खाली बसलात आणि खो खो हसलात.

"वाचले बाप्पा! आता जेव पोरी. मी बैलाकडं पाह्यतो." आणि मला पदर वर करून जेवता यावं म्हणून पाठ फिरवून बसलात. ती भाकर आणि ठेचा! तशी भाकर मी पुन्हा कधी खाल्ली नाही. तुमची पाठ मात्र गप्प नव्हती. सासूबाई कशा होत्या, ह्यांना लहानपणी विंचू कसा चावला, तळ्यात मरळ केवढी आहे, सगळं सांगून झालं. मीही उत्तरं देत होते. घर यायच्या आतच घर ओळखीचं झालं.

गावाच्या वेशीवर बाया नव्या सुनेला बघायला जमल्या होत्या. तुम्ही काय केलंत? बंडी सरळ तळ्याकडे! सून बंडीतच, मासे पुढे, बाया मागोमाग! डबे पाण्यात तरंगत ठेवलेत, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईस्तोवर. शेजारचे शामरावकाका वाकून बघत म्हणाले,

"हे मासे हायत काय, नारायणराव? हे तं जिरं हाय! फोडणीले टाका!"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. बायांकडे वळून म्हणालात, "हसा तुमी. पण आयका. माह्या घरात सून बोलन. माह्याशी बोलन, चार माणसायत बोलन. आज ते बोलली म्हणून हे डबे जिते हायत."

त्या वेळी पदराआड माझं काय झालं, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. आता सांगते. मी माहेर विसरले.

मोठ्या तळ्यात पिल्लं गिळणारी मरळ होती, म्हणून तुम्ही कोपऱ्यात बांध घालून लहान डबकं केलं होतं. त्यात शेण कालवायचं, की पाणी हिरवं होतं आणि त्यात डोळ्याला जेमतेम दिसतील असे किडे होतात. तेच पिल्लांचं दूध, असं तुम्ही म्हणायचात. वरून भुईमुगाच्या पेंडीची बारीक केलेली ढेप. माझी पावलं काठावर वाजली की पिल्लं आधीच येऊन थांबलेली! आणि वाढायला लागली, पण बघा कशी! एकाच पंगतीला जेवणारी, तरी कोणी बोटाएवढं, कोणी अजून नखाएवढंच. आधी सगळी सारखीच दिसायची. मग मोठ्या डोक्याचा कतला वरच्या पाण्यात खायला लागला, लालसर पंखांचा रोहू मधल्या पाण्यात, मिरगल तळाचा चिखल उकरायला. एक कतला सगळ्यांची ढेप ओरपायचा. तुम्ही त्याचं नाव शामराव ठेवलंत. काकांना आज सकाळीच कळलं ते. मीच सांगितलं!

परतीचा पाऊस आठवतो ना? सकाळी उठून बघतो तर बांध फुटलेला, डबकं रिकामं! तुम्ही बांधावर डोकं धरून बसलात. तुम्हाला तसं कधी बघितलं नव्हतं. मी इकडे तिकडे बघत होते, तर शामरावकाकांच्या वावरातून पाण्याचा ओहोळ खाली येत होता, आणि त्यात काहीतरी चमकलं. पिल्लं वाहून गेली नव्हती हो! येणाऱ्या पाण्याच्या उलट पोहत, चढत चढत, ती काकांच्या ज्वारीच्या ओळींमधल्या तासात शिरली होती. पाणी ओसरत होतं आणि ती चिखलात फडफडत होती. वरून बगळे उतरायला लागलेले.

काका टोपली घेऊन उभे होते. "माह्या वावरात उगवले, म्हणजे माहे झाले!"

मला वाटलं आता भांडण होणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बरोबर हाय, शामराव. पेरले म्या, उगवले तुमच्याकडं. पण हिरवं पीक कोणी कापते काय? बोटभर हायत अजून. वाढू द्या, मंग दोघं मिळून कापू."

काकांनी खाली बघितलं. पायाशी एक मोठ्या डोक्याचा कतला उडत होता. त्यांनी तो उचलला, ओंजळीत धरला. तो ओंजळीतही तोंड उघडमीट करत होता. "मायबीन, भुकेजला हाय हा," असं पुटपुटत काकाच आधी तळ्याकडे धावले! मग काय विचारता! निंदायला आलेल्या बाया, हे, मी, सगळे घमेल्यात, घागरीत, पदरात पिल्लं गोळा करून मोठ्या तळ्यात सोडत होतो. पदर भिजून जड झालेला, अंगभर चिखल, आणि सगळ्या बायांच्या आधी माझाच आवाज! आता ती बोटभर झाली होती, मरळीच्या तावडीतून निसटण्याइतकी चपळ. बरीचशी वाचली. उन्हाळ्यात भोयांचं जाळं पडलं तेव्हा हातभर लांब कतला निघाला, आणि तुम्ही आणि काका दोघं तो धरून लहान पोरांसारखे नाचलात.

तेव्हापासून दर साली बीज आलं. मागच्या हिवाळ्यात तुमच्यानं चालवेना, तेव्हा ह्यांनी आणि काकांनी खाटेसकट तुम्हाला बांधावर नेलं. उन्हात पडल्या पडल्या तुम्ही ढेप फेकत होता आणि पाण्याला दटावत होता, "हळू खा बे!" त्यानंतर चार दिवसांतच झोपेत गेलात. एवढी घाई कशाला केलीत? यंदाच्या उन्हाळ्यातले मासे तुम्ही बघितलेच नाहीत. ती एक चुटपुट राहिली आहे.

तर, आज सकाळी. डबे अजून काठावरच. बीज घेऊन आलेल्या साहेबांनी विचारलं, "तळ्याचा कारभार कोण बघतं?" कोणीतरी ह्यांचं नाव घेतलं. हे माझं नाव घेऊन म्हणाले, "मी कास्तकारी पाह्यतो. तळं यमुना पाह्यते." आणि शामरावकाका डबे पाण्यात तरंगत ठेवतात अन् मला विचारतात, "पोरी, पाणी सारखं झालं काय? सोडू?"

मी हात घालून बघितलं. "जराक थांबा, काका," म्हटलं. आणि मामाजी, सगळं गाव थांबलं!

गोष्ट इथेच संपली असती तर बरं होतं. पण एक ठेकेदार येऊन बसला आहे. त्याला दिवाळीलाच बारीक जाळं टाकायचं आहे, बोटभर पोरांसकट सगळं उपसायला. पंचायतीतल्या दोघा-तिघांचं मन डळमळलं आहे. उद्या बैठक आहे. मी जाणार आहे, आणि पुढे बसणार आहे.

म्हणून हे वचन देते: होळीच्या आधी या तळ्यात बारीक जाळं पडणार नाही. ऐकलं नाही कोणी, तर मी पाण्यात उतरून जाळ्यासमोर उभी राहीन. तुम्ही घाबरू नका. मला पोहता येत नाही, पण त्या बाजूला पाणी कमरेइतकंच आहे, आणि शामरावकाकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, त्यांना माझ्या शेजारची जागा हवी आहे.

तुमची सून,
यमुना