पुलाच्या अलीकडे

मंगळवार, दुपार

चि. गोगलगाय,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, म्हणजे पत्र सुरू करताना जेवढं असावं लागतं तेवढं.

आधी माझं गाऱ्हाणं ऐक. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर मला जागा उरलेली नाही. निवृत्त झाल्यावर तुझ्या भाऊजींनी व्हिडिओ गेम आणलाय. सिनेमातले गाड्यांचे स्टंट करायचे. पडद्यावरचा दिग्दर्शक ओरडतो, "उडव!" आणि हे उडवतात. जन्म बँकेत गेला, रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवून वळणारा माणूस! आता सगळ्या उशा यांच्या पाठीला आणि मी चहा घेऊन सोफ्याच्या हातावर. मानवी हक्क वगैरे असतात म्हणे.

आई शेजारी बसून बघते. काल म्हणाली, "जावईबापू, स्टिअरिंगवर ही पांढरी पट्टी कसली?"

"गाडी गरागरा फिरली की चाकं कधी सरळ झाली ते कळायला. खरे स्टंटवाले लावतात."

"आपल्या गाडीला धाकट्याने लावलीय की. रंग उडालाय म्हणाला होता."

मी हसले. देवाशपथ, हसले.

मग यांनी तुटका पूल ओलांडला. जिंकलं की हा गेम बक्षीस म्हणून खऱ्या शूटिंगचा तुकडा दाखवतो. पेटलेली गाडी उडाली, पलीकडे आपटली, कोलांट्या खात गेली. दारातून एक माणूस रांगत बाहेर आला. हेल्मेट काढलं.

तू.

तू, जो आम्हाला सांगतोस की नटनट्यांना घरून आणतो आणि घरी सोडतो. एसी गाडीतून. हळू. म्हणून तर गोगलगाय.

कप माझ्या हातातून कधी पडला, ठाऊक नाही. यांचं तोंड उघडं, अंगठा बटणावर तसाच. खेळ आपोआप पुन्हा सुरू झाला आणि गाडी सरळ दरीत.

"गेला?" आई म्हणाली.

"अहो आई, खेळ आहे. परत सुरू होतो."

"आणि खरा?"



तिने यांच्या हातातून रिमोट काढून घेतला. "दुसऱ्याच्या हातात नको माझं पोर." कुठलं बटण कशाचं ते विचारून घेतलं, गाडी मुंगीच्या पावलांनी पुलापर्यंत नेली, कडेला लावली, हँडब्रेक ओढला. दिग्दर्शक बोंबलला, "कट! उडव ना!"

आई पडद्याला म्हणाली, "तुझा मुलगा बसव."

आजही तशीच बसलीय. गाडी पुलाच्या अलीकडे, रिमोट मांडीवर. रडत नाही, चिडत नाही. तिचा निरोप: "काम सोड म्हणणार नाही, माझं ऐकलंय कधी? पण गाडीतून उतरलास की दर वेळी फोन करायचा. तोवर मी इथून हलत नाही." हलत नाही म्हणजे खरंच. ताट तिथेच नेऊन दिलं, तसंच पडलंय.

कालपासून तुझा फोन बंद आहे. असा अधूनमधून का बंद असतो, ते आता कळलं. म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसवर पाठवतेय, माणसाच्या हाती. मिळताच फोन कर. आधी तिला.

मला दुसरं काही सुचत नाही. सारखं तेच डोळ्यांपुढे येतं: यांच्या छातीत कळ आली त्या दिवशी तू गल्लीतून गाडी उलटी पळवलीस. दवाखान्याच्या दारात मी तुला आरसा फुटला म्हणून चार शब्द ऐकवले आणि आत गेले. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आणलंत. ते तुला सांगायचं राहून गेलं होतं.

सांगितलं. आभार.

तू गाडीतून उतरण्याची वाट बघणारी,
ताई