आदल्या दिवशीची सही

लिहून ठेवते ती मी, या घराची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि गुडघे धरलेले आहेत, पण या दोन्हींचा बुद्धीशी संबंध नाही असा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कोणी धाक दाखवला म्हणून नव्हे, कोणी गोड बोलले म्हणूनही नव्हे, देवासमोर दिवा लावून मी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे हजारो लोकांना सांगण्यात आले, ते खोटे होते. सही झाली की खरे होईल.

वाचणाऱ्याला कलमे वेडीवाकडी वाटू नयेत म्हणून आधीच सांगते. माझी सून इंटरनेटवर ब्लॉग चालवते. नाव ‘आमच्या घरात’. कंपन्या तिच्याकडे माल आणि पैसे पाठवतात, मग ती त्या मालाबद्दल लिहिते, फोन उभा करून बोलते. मुलगी कष्टाळू आहे. तिच्या कमाईतून आमचे छत गळायचे थांबले, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार कमाईबद्दल नाही, बोलण्याबद्दल आहे.

कलम पहिले, स्वयंपाकघर. भांडी, डबे, तराजू आणि लोखंडी तवा सुनेला. तवा साबणाने घासू नये. धाकट्या जावेने माझा कुकर नेला होता; परत आला तेव्हा भांडे माझे होते, झाकण कुणाचे होते देव जाणे. त्याची शिट्टी पुन्हा कधी नीट झाली नाही. तो कुकर तिलाच द्यावा, झाकणासकट.

जुना मिक्सर कोणालाही देता येत नाही, कारण तो बंद आहे. मुलगा रांगत होता तेव्हा घेतलेला, एकदा कुरकुरला नाही. सुनेकडे नव्या मिक्सरचे खोके आले. ती पुढच्या खोलीत बोलत होती, “आमच्या घरातला जुना मिक्सर म्हणजे नुसता वैताग, दर आठवड्याला बंद!” मी आत त्याच मिक्सरवर वाटण करत होते. तिचे वाक्य संपले आणि तो घुर्र करून थांबला. वायरमन आला, आत बघून म्हणाला, “मावशी, बरेच दिवस त्रास देत असेल हा.” मी म्हटले, एक दिवसही नाही. त्या वेळी मी याला योगायोग म्हटले आणि खलबत्ता काढला. खलबत्ता शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावा. त्यांची नजर कित्येक वर्षे त्याच्यावर आहे आणि त्या कधी मागणार नाहीत.

हिशेबाच्या वह्या रद्दीत घालाव्यात. त्यांत वाणसामान आणि लाइटबिल यांपलीकडे काही नाही, चाळत बसू नये.

कलम दुसरे, माळ्यावरची खोकी. ही सुनेकडे आलेल्या मालाची आहेत, बहुतेकांचे सील तसेच आहे. ती कंपन्यांना परत पाठवावीत. घेत नसतील तर फेकावीत. गोरगरिबांना वाटू नयेत. जे आपण अंगाला लावले नाही ते दुसऱ्याला देणे याला दान म्हणत नाहीत.

त्यांतली एकच बाटली उघडलेली दिसेल, सांधेदुखीच्या तेलाची. ती मी उघडली. ते तेल आले तेव्हा मी दिवसातून दोनदा कपडे घेऊन गच्चीवर जात असे. सून फोनपुढे म्हणाली, “आमच्या आईंना जिना म्हणजे डोंगर झाला होता. दोन पायऱ्या चढल्या की रडायच्या. आता बघा!” आणि मला जिन्यावरून हसत उतरायला लावले. मीही उतरले, म्हटले पोरीचे काम होते आहे. दुसऱ्या दिवशी कपड्यांची बादली घेऊन निघाले आणि तिसऱ्या पायरीवर दोन्ही गुडघे कुणी आतून धरावेत तसे धरले गेले. मी तिथेच बसले आणि रडले. रडायचा माझा स्वभाव नाही, हे जाऊसुद्धा सांगेल.

ते तेल मी महिनाभर लावले. वास छान आहे. बाकी काही नाही.

म्हणजे तिने सांगितलेले दुखणे येते, तिने सांगितलेला उतार येत नाही. हे मी तिला सांगितले.

“काहीतरीच आई! वय झालं की गुडघे जातातच.”

“मग आधी दुखत होते असं कशाला सांगितलंस?”

“कंपनीच लिहून देते तसं. नुसतं तेल चांगलं आहे म्हटलं तर कोण बघणार? आधी दुखणं लागतं.”

“आणि त्यांनी पैसे दिलेत हे?”

“लिहिलंय की खाली. बारीक अक्षरात.”

“मला दिसलं नाही.”

“कुणालाच दिसत नाही, आई. तेवढंच ठेवायचं असतं.”

त्या तेलाखाली एका मुलीने विचारले होते, आजी खरंच जिना चढतात का, माझ्या आईसाठी घ्यायचे आहे. सुनेने तिला उत्तर म्हणून एक लाल बदाम पाठवला. मी जिन्याखाली बसून ते वाचले. त्या मुलीचा पत्ता मला मिळाला नाही. मिळाला तर तेलाचे पैसे माझ्या ठेवीतून तिला द्यावेत आणि आजी चढत नाहीत असे कळवावे.

पुढे कानाच्या यंत्राची कंपनी आली. मी हात जोडून सांगितले, “माझं नाव घेऊ नकोस.” ती म्हणाली, “नाही घेणार, शब्द देते.” नाव घेतले नाही. “घरातल्या मोठ्या माणसांना हाका मारून मारून आमचा घसा बसायचा,” एवढेच म्हणाली. घरात मोठे माणूस मी एकटीच आहे. संध्याकाळी डाव्या बाजूचे जग कापूस कोंबल्यासारखे झाले. यंत्र कानात घातले तर त्यात सुनेचाच आवाज येतो, मालाची तारीफ करताना, ती घरात नसतानासुद्धा. ते काढून ठेवले. तेही माळ्यावरच्या खोक्यांत आहे, परत पाठवावे.

कलम तिसरे, माझा फोटो. बैठकीच्या भिंतीवर माझा चौकटीतला फोटो आहे. तो जिवंतपणी का लागला ते लिहिते.

घरबसल्या मृत्युपत्र करून देणारी एक कंपनी आहे. सून फिकट कपडे घालून बसली, मागे खिळा ठोकून माझा फोटो लावला. मी आत धान्य निवडत होते, उजव्या कानाने सगळे ऐकले. “आई गेल्या. पण आदल्या दिवशी सही करून गेल्या. घर आमच्या चिमीच्या नावावर, सगळं चोख. आम्हाला एका कचेरीत जावं लागलं नाही.” बोलणे संपल्यावर तिने नाक शिंकरले. ते मात्र खरे असावे, असे मला वाटले.

तो व्हिडिओ बघून शिंपीणबाई गळ्यात मोजमापाची फीत तशीच घेऊन धावत आल्या. दारातच थबकल्या.

“काकू! तुम्ही आहात?”

“आहे अजून. बस, चहा टाकते.”

“अहो, पण मी आत्ता रडले ना तुमच्यासाठी!”

“मग आता मोकळी झालीस. पुढच्या वेळी नको रडूस.”

आम्ही हसलो. जावेचाही निरोप आला, माझ्यासारखी समजूतदार बाई घराण्यात झाली नाही म्हणून. उभ्या आयुष्यात तिने माझे केलेले हे पहिले कौतुक. त्यामुळे कुकरबद्दलचे माझे बोलणे वाचून दाखवताना थोडे सौम्य करावे.

त्या दिवसापासून मात्र घर मला विसरू लागले आहे. पोस्टमन माझ्या हातात पत्र देत नाही, उंबऱ्यावर ठेवतो. माझी खुर्ची रोज थोडी भिंतीकडे सरकलेली असते आणि कोणीच सरकवलेली नसते. नात चिमी ताटे मांडताना एक कमी मांडते. मुद्दाम नाही, मी बसले की जीभ चावते आणि धावत जाऊन ताट आणते. फोटो मी काढला नाही, खिळा मारलाच आहे तर राहू दे म्हटले. पण माझ्या पश्चात तो किंवा माझा आवाज कोणत्याही मालाशेजारी लावू नये, फुकट किंवा पैसे घेऊन.

हे मृत्युपत्र मी त्याच आठवड्यात लिहायला घेतले. सही केली नाही. आदल्या दिवशीची सही असे ती बोलून बसली आहे, तर सही नाही तोवर दुसरा दिवस नाही, असा माझा सरळ हिशेब होता. त्या हिशेबावर हा उन्हाळा काढला, पावसाळाही काढला असता.

कलम चौथे. बांगड्या नातीला. मुदत ठेव मुलाला. तो गरीब आहे म्हणून नव्हे, त्याने कधी काही मागितले नाही म्हणून. मागितले असते तर बरे झाले असते. दोन बायकांमध्ये काही झाले की “तुम्ही दोघी बघून घ्या” म्हणून तो चप्पल घालतो. आम्ही बघून घेतले आहे, ते पुढच्या कलमात.

कलम पाचवे, घर. चिमी ही माझी नात, वय वर्षे सहा. ती दात घासतानाही बोलते. मुंग्यांशी बोलते, झोपेत बोलते, आणि मला डावीकडून काही सांगायचे असले तर उजवीकडे येऊन पहिल्यापासून सांगते. या घरात मला विसरताना जिला वाईट वाटते अशी तीच एक.

लहान मुलांच्या शक्तिवर्धक औषधाची एक कंपनी आली आहे. कागदावर वाक्य लिहून आले: “आमची चिमी पाच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती.” रविवारी व्हिडिओ करायचा आहे. परवा सून न्हाणीघरात आरशापुढे ते वाक्य नुसते म्हणून पाहत होती. त्याच वेळी चिमी माझ्याकडे पाणी मागायला आली आणि माठाकडे बोट दाखवून उभी राहिली. तोंड उघडले, ओठ हलवले, आवाज नाही. डोळे माझ्यावर. मी तिला पाणी पाजले, मांडीवर घेतले, देवाचे नाव घेत राहिले. सांजवेळी ती “आजी, दिवा” म्हणाली. हे नुसते म्हणून पाहिल्यावर.

मी सुनेला बसवून विचारले.

“ते पैसे परत कर. माझी ठेव मोडते.”

“पैशांचं नाही आई. मी शब्द दिलाय त्यांना.”

“आणि चिमीचा शब्द?”

“तुम्ही मला घाबरवू नका हं. मी तिची आई आहे.”

“म्हणूनच तुला सांगते, परक्या बाईला नसतं सांगितलं.”

ती उठून गेली. आत चिमीला उगाच हाक मारून तिने ‘ओ’ ऐकून घेतली, म्हणजे तिला कळते. पण याआधीही कळले होते, आणि शब्दही दिला होता.

तिला बांधील अशी एकच गोष्ट आहे, हे घर. याच्याच भिंती, याच्याच खिडकीचा उजेड, नावही ‘आमच्या घरात’. म्हणून असे ठरवते की घराची संपूर्ण मालकी चिमीची. ती सज्ञान होईपर्यंत मुलाने आणि सुनेने इथे राहावे, ते पुढील अटींवर. एक, चिमीच्या शरीराबद्दल किंवा बुद्धीबद्दल मोबदला घेऊन एक अक्षरही बोलू नये. दोन, कोणत्याही मालाबद्दल बोलायचे तर पैसे घेतले हे वाक्य पहिले म्हणावे, मोठ्याने, आणि वापरला नसेल तर तसे सांगावे. तीन, मिक्सर, तेल, कान आणि मी यांबद्दल पूर्वी सांगितलेले खरे नव्हते, असे त्याच जागी, त्याच तोंडाने सांगावे. अट मोडली त्या दिवशी घराला कुलूप लागेल आणि किल्ली नाक्यावरच्या औषधवाल्यांकडे जाईल. अंमलबजावणीचे काम त्यांच्याकडे दिले आहे. माणूस कडक आहे, उधारी ठेवत नाही.

या अटी मृत्युपत्र लागू झाल्याशिवाय लागू होत नाहीत. मृत्युपत्र कधी लागू होते ते सर्वांना माहीत आहे. रविवार यायच्या आत ते व्हायला हवे. एवढे गणित मॅट्रिकवाल्या बाईला सुटते.

आज सकाळी साक्षीदार आले तेव्हा सून दारात उभी होती. मी पेन उघडले.

“आई, आज नको.”

“मग रविवारचं नको म्हण. यांच्यासमोर म्हण.”

मी थांबले, देवासमोर सांगते, पुष्कळ थांबले. तिचे ओठ हलले होते. मग तिच्या हातातला फोन वाजला. तिने एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे पाहिले, आणि “हो, बोला ना” म्हणत ती आत गेली.

तिच्यावर माझा राग नाही, हेही कलमच समजावे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. शिंपीणबाई मध्ये दोनदा उठून गेल्या, पण ऐकले सगळे. खलबत्त्याचे वाक्य त्यांना वाचून दाखवलेले नाही.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. वार शुक्रवार, तारीख सहीखाली माझ्याच अक्षरात.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही). नाक्यावरचे औषधवाले (सही व दुकानाचा शिक्का).

ता. क. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी टाकायला सांगितले आहे. ते माझ्या वाट्याचे. चिमीचे कमी करू नये.